नवा विषय नको, आहे तो धडा शिकवता येऊ द्या : अर्थसाक्षरतेच्या शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे

प्रत : प्राचार्य, सर्व जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था

विषय : शाळेत अर्थसाक्षरता शिकवणाऱ्या शिक्षकांचे प्रशिक्षण

महोदय,
सस्नेह नमस्कार.

शाळेतल्या अर्थसाक्षरतेची चर्चा निघाली की पहिली सूचना नव्या विषयाची येते आणि दुसरी नव्या पुस्तिकेची. आमची विनंती दोन्हींच्या उलट आहे. पुस्तकात जे आधीच छापलेले आहे, ते शिकवणाऱ्याच्या हातात बसेल असे प्रशिक्षण द्या. बाकी काही नको.

छापलेले आहे ते थोडेथोडके नाही. बालभारतीच्या सध्याच्या पुस्तकांत उच्च प्राथमिकलाच ‘बँक व सरळव्याज’ येते. आठवीत सूट-कमिशन आणि चक्रवाढ व्याज आहे. नववीच्या गणित भाग १ मध्ये ‘अर्थनियोजन’ हे प्रकरण आहे, त्यात बचत, गुंतवणूक आणि आयकर. दहावीच्या भाग १ मध्ये त्याच नावाच्या प्रकरणात जीएसटी, शेअर, म्युच्युअल फंड, एसआयपी (फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणे). एवढे शिकून बाहेर पडलेल्या मुलाला विचारा, “गावात कोणी तीन टक्क्यांनी पैसे देतो म्हणाला, तर लाखाला वर्षाचे व्याज किती?” बरीच मुले ३,००० सांगतात. गावातले ‘तीन टक्के’ म्हणजे शेकडा दरमहा तीन, म्हणजे वर्षाला ३६ टक्के, म्हणजे ३६,००० रुपये. पुस्तकात द.सा.द.शे. (दर साल दर शेकडा) असते, पारावर दरमहा असते, आणि या दोन्हींमधला पूल वर्गात बांधला गेलेलाच नसतो.

दोष मुलांचा नाही आणि शिक्षकांचाही नाही. गणिताचे बहुतेक शिक्षक बी.एस्सी., बी.एड. करून येतात. त्यांना शेअर, कर, कर्ज यांपैकी काहीही कोणी कधी शिकवलेले नसते. मग प्रकरण सूत्रांवर निभावते. शेअरची दर्शनी (कागदावरची) किंमत १० रुपये, बाजारभाव २०० रुपये, लाभांश (कंपनीने नफ्यातून दिलेला वाटा) २० टक्के. लाभांश दर्शनी किमतीवर, म्हणजे शेअरमागे २ रुपये. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. पण पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही : २०० रुपये घालणाऱ्याला २ रुपये मिळाले, म्हणजे त्याला परतावा किती टक्के? एक टक्का. ‘२० टक्के लाभांश’ अशी जाहिरात आणि हातात एक टक्का, ही गोष्ट कळली तरच त्या उदाहरणाला अर्थ. प्रशिक्षणाने शिक्षकाला हा ‘पुढचा प्रश्न’ विचारायला शिकवावे. माहिती काय, ती मोबाइलवरही मिळते.

आता सध्याची प्रशिक्षणे कुठे घसरतात ते सांगतो. राज्यस्तरावर तीन दिवस, जिल्ह्यात दोन, तालुक्यात एक आणि केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत पाऊण तास, अशी उतरंड लागते. वरच्या मडक्यात असते ते खालच्यात पोचेपर्यंत स्लाइड वाचून दाखवण्यावर येते. अर्थसाक्षरतेत हे जास्तच बाधते, कारण इथे आकडेमोड प्रत्येकाने स्वतः करावी लागते. ऐकून कोणाला ईएमआय (कर्जाचा मासिक हप्ता) कळत नाही. म्हणून पायऱ्या दोनच ठेवा : राज्य आणि तालुका. ३५८ तालुक्यांना प्रत्येकी चार साधन व्यक्ती (इतर शिक्षकांना प्रशिक्षण देणारे शिक्षक) धरल्या तर १,४३२ होतात. ४०-४० च्या तुकड्या केल्या तर ३६. म्हणजे जिल्ह्यामागे साधारण एक तुकडी. हे एका उन्हाळ्यात उरकण्यासारखे काम आहे. या चौघांपैकी दोन गणिताचे, एक सामाजिक शास्त्रांचा आणि एक मराठीचा शिक्षक असावा. मराठीचा का, ते पुढे येईल. प्रत्येक तालुका तुकडीला दोन साधन व्यक्ती लागतात, एक फळ्याजवळ आणि दुसरी बाकांमधून फिरणारी. एकाच माणसावर ४० जणांची आकडेमोड सोडली की मागच्या दोन रांगा उत्तर उतरवून घेतात आणि मान डोलावतात.

वेळ : दोन दिवस, रोज पाच तास, आणि सहा आठवड्यांनी दोन तासांची फेरबैठक. एकूण १२ तास. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचे व्यावसायिक विकासाचे प्रशिक्षण अपेक्षिले आहे, त्यातच हे बसते. शाळा उघडण्याच्या आधीचा आठवडा उत्तम (विदर्भात तो वेगळा पडतो, तिथले वेळापत्रक पुण्याहून ठरवू नये). फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतलेल्या प्रशिक्षणाचा उपयोग फक्त हजेरीपटाला होतो.

पहिला दिवस मुलांपासून नाही, शिक्षकाच्या स्वतःच्या वेतनचिठ्ठीपासून सुरू करा. खरी चिठ्ठी ज्याची त्याने खिशात ठेवावी. फळ्यावर नमुना घ्यावा. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ६०,००० रुपये धरू. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असलेल्या शिक्षकाचे १० टक्के, म्हणजे ६,००० कापले जातात. शासनाचा वाटा १४ टक्के, म्हणजे ८,४००. खात्यात महिन्याला १४,४०० जातात. ते कोणत्या फंडात जातात? खाते शेवटचे कधी उघडून पाहिले? नामनिर्देशन कोणाचे आहे, लग्नाआधीचे की नंतरचे? व्यवसाय कर महिन्याला २००, मग फेब्रुवारीत ३०० का? (वर्षाचे २,५०० बसवण्यासाठी. ११ महिन्यांचे २,२०० आणि वर ३००.) पतसंस्थेच्या हप्त्यात मुद्दल किती, व्याज किती? या दीड तासात खोलीतला आवाज बदलतो. आपल्याच कागदावरचे आकडे वाचता येत नव्हते हे मान्य करण्याची लाज एकदा गेली, की पुढचे सगळे सोपे जाते. ही पायरी वगळून थेट पाठ्यपुस्तकावर गेलेली प्रशिक्षणे कोरडी राहतात.

त्याच सत्रात जामिनाचा विषय काढावा. शिक्षकांच्या पतसंस्थांत एकमेकांना जामीन राहणे ही भिडेची गोष्ट असते आणि ‘नुसती सही’ समजली जाते. करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, आणि वसुली थेट जामीनदाराकडूनही करता येते. हे ज्याला स्वतःच्या सहीच्या संदर्भात कळले, तो वर्गात ते विसरत नाही.

दुपारी कर्ज. इथे सर्वांत जास्त वेळ द्या; दोन तासांपेक्षा कमी नको. एकच उदाहरण पुरते, पण ते शेवटपर्यंत न्यावे. १२,००० रुपये, एक वर्ष, १२ टक्के. सपाट दराने व्याज १,४४०, परतफेड १३,४४०, हप्ता १,१२०. घटत्या शिलकीवर त्याच १२ टक्क्यांनी हप्ता सुमारे १,०६६ आणि एकूण व्याज सुमारे ७९४. दर तोच, व्याजात जवळपास ६४६ रुपयांचा फरक. का? कारण सपाट दरात सहाव्या महिन्यात निम्मे मुद्दल फिटले तरी व्याज पूर्ण १२,००० वरच चालू राहते. घटत्या शिलकीच्या भाषेत हा ‘१२ टक्के’ वर्षाला साडेएकवीसच्या घरात जातो. शिक्षकांनी बारा ओळींचा तक्ता हाताने भरावा : महिना, सुरुवातीची बाकी, महिन्याचे व्याज (बाकीचा १ टक्का), हप्त्यातून गेलेले मुद्दल, शेवटची बाकी. पहिल्या ओळीत व्याज १२० आणि मुद्दल ९४६ येते. बाराव्या ओळीत बाकी शून्याच्या आसपास आली, एक-दोन रुपयांचा फरक उरला, तर तो पूर्णांकाचा आहे, तक्ता बरोबर. दहा-एक रुपयांचा फरक आला तर कुठेतरी व्याज जुन्या बाकीवर काढलेले असते, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत. कॅल्क्युलेटर दोघांत एक द्यावा. प्रत्येकाला दिला की बोलणे थांबते, आणि चुका बोलण्यातूनच सापडतात.

या तक्त्यानंतरच कागद दाखवावा. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बँका व वित्तसंस्थांना बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो आणि तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत असायला हवा. मुलांच्या आया मायक्रोफायनान्सच्या (छोट्या कर्जांच्या) गटांत असतात. घरातली मुलगी तो कागद मागून त्यावरचा एक आकडा वाचू शकली, तर आठवीचे चक्रवाढ व्याज सत्कारणी लागले.

सावकारीही इथेच यावी आणि ती नीतिकथेसारखी येऊ नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांकडून अनुक्रमे १५ आणि १८ टक्के इतकेच व्याज घेता येते. आता शेकडा तीनच्या शेजारी हे ठेवा : १८ च्या ठिकाणी ३६. थकलेले व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवले तर वर्षाला साडेबेचाळीसच्या पुढे. ७२ चा नियम इथे चपखल बसतो. ७२ भागिले दर, म्हणजे रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षे : ६ टक्क्यांनी १२ वर्षे, ८ ने ९, ३६ ने दोन. (३६ सारख्या मोठ्या दराला हा नियम जरा ढोबळ पडतो, शिक्षकाला ते ठाऊक असावे, मुलांना तेवढ्यात अडवू नये.) इतिहासाच्या शिक्षकाला यात वाटा आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून जे दंगे पसरले, त्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखते ताब्यात घेऊन जाळली. १८७९ मध्ये डेक्कन शेतकऱ्यांच्या दिलाशाचा कायदा आला. ‘दामदुप्पट’ हा शब्द त्याच मातीतला आहे. एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त नको, हा जुना दंडक. दामदुप्पट म्हणजे ‘पैसे दुप्पट करून देणारी योजना’ असा अर्थ आजची मुले लावतात. भाषेनेच केवढी उडी मारली आहे!

दुसऱ्या दिवशी शिक्षकांना वर्गाकडे न्या. यात सर्वांत नाजूक जागा म्हणजे घरचा जमाखर्च. ‘घरचे मासिक अंदाजपत्रक लिहून आणा’ हा गृहपाठ जवळपास प्रत्येक साहित्यात सापडतो आणि तो बंद व्हावा अशी आमची विनंती आहे. ज्याच्या घरी बापाचे काम सुटले आहे तो मुलगा खोटे आकडे लिहून आणतो, नाहीतर त्या दिवशी शाळेतच येत नाही. शिवाय ‘मासिक’ हेच माप महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांना लागू नाही. त्याऐवजी चार कल्पित कुटुंबे वर्गात आणावीत. आकडे पुढीलप्रमाणे उदाहरणादाखल. तालुक्याने आपले भाव घालावेत.

बीडकडचे ऊसतोड जोडपे, म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल ८०,००० रुपये. टनाला ४०० रुपये धरले तर उचल फिटायलाच २०० टन तोडावे लागतात. दिवसाला दोन टन म्हणजे १०० दिवस, तेही एकही खाडा न होता. १५ दिवस आजारपण आले तर? मूल शाळेत ठेवायचे असेल तर आजीकडे महिन्याला किती पाठवावे लागतील? उचल हे कर्ज आहे की आगाऊ मजुरी? यावर वर्ग भांडतो, आणि भांडू द्यावा.

पश्चिम महाराष्ट्रातले दूधवाले घर. डेअरीचे बिल दर दहा दिवसांनी. रोज १० लिटर, लिटरला ३० रुपये. दहा दिवसांचे ३,००० आणि त्यातून पेंडीचे पैसे आधीच कापलेले. भाकड काळात बिल शून्य, वैरण मात्र चालू. या घराचे अंदाजपत्रक महिन्याचे मांडले तर ते दर वेळी चुकते. गाईच्या वेताबरोबर मांडले तर जमते.

विदर्भातला कापसाचा शेतकरी : पैसा खर्च होतो जूनमध्ये, हाती येतो नोव्हेंबरनंतर. इथे पीककर्ज शिकवावे. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून शेतकऱ्याला व्याज पडत नाही; मुदत चुकली की सवलत जाते. लाखाला ७ टक्क्यांनी वर्षाचे ७,००० होतात. मुदत सांभाळण्यासाठी चार दिवसांकरिता सावकाराकडून घेतलेले पैसे परवडतात का, हे मुलांनीच काढावे. उत्तर दर वेळी ‘नाही’ असे येत नाही आणि तिथेच शिक्षकाची कसोटी लागते. चौथे कुटुंब कोकणातले, मुंबईहून पैसे येणारे, गणपतीत आणि शिमग्यात खर्च उसळणारे. सणाच्या खर्चाला नाके मुरडू नयेत. तो येणार हे माहीत आहे, मग त्याची तरतूद श्रावणाआधी कशी करावी, एवढाच प्रश्न.

उपदेश हा या विषयाचा खरा शत्रू आहे. ‘बचत करा, उधळपट्टी करू नका’ हे मजुराच्या मुलाला सांगणारा शिक्षक नकळत त्याच्या आईबापांना उधळे ठरवतो. गरीब माणूस काटकसर शिकून गरिबीतून वर येत नाही. पण चुकीच्या व्याजातून, फसव्या योजनेतून आणि न कळलेल्या सहीतून खाली मात्र जातो. शाळेने तेवढे राखले तरी पुष्कळ.

बँकेचे कागद प्रत्यक्ष हाताळणे ही दुसऱ्या दिवसाची दुसरी बाजू. ४० जणांच्या तुकडीला लागणारे साहित्य असे : पैसे भरण्याच्या स्लिपा ८०, काढण्याच्या ८०, ‘नमुना’ असा ठळक शिक्का मारलेले कोरे चेक १२० (पहिले दोन वाया जातात हे धरून), मुद्दाम चुका घातलेली पासबुकाची पाने ४०, आणि दुकानांची खरी बिले, जीएसटी वेगळा दाखवणारी आणि न दाखवणारी, मिळून ५०. चेकवर चुका ठरलेल्या जागी होतात : अक्षरी रकमेनंतर ‘फक्त’ नाही, आकड्यापुढे रेघ नाही, आणि सही बँकेकडच्या नमुना सहीशी न जुळणारी. चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो, हेही कित्येकांना नवे असते; जुन्या सहा महिन्यांची आठवण अजून गेलेली नाही.

मराठीच्या शिक्षकाचे काम इथे आहे. दहावीच्या उपयोजित लेखनात पत्रलेखन असतेच. ‘खात्यातून चुकून रक्कम कापली गेली’ ही बँकेला तक्रार तिथे लिहून घ्यावी : तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक, काय अपेक्षित आहे ते एका वाक्यात, आणि पोच. पोच न घेतलेली तक्रार म्हणजे बोललेला शब्द. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. पत्राची हीच पुढची पायरी.

मराठी शब्दांनी घातलेला एक घोळ निस्तरणेही त्यांच्याकडेच यावे. नॉमिनीला आपण बोलताना सर्रास ‘वारस लावला’ म्हणतो. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा. मालकी वारसाहक्काच्या कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरते. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नामनिर्देशने करता येतात, त्यामुळे हा गोंधळ वाढण्याचीच शक्यता.

ठेवीच्या सुरक्षिततेबद्दल शिक्षकांमध्ये जो समज दिसतो तो धोकादायक आहे, म्हणून त्याला वेगळी दहा मिनिटे द्यावीत. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विमा एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी ठेवल्या तरी त्यांची बेरीज होते. नागरी सहकारी बँकांना हा विमा लागू आहे, पतसंस्थांना नाही. नावात ‘सहकारी’ दोघांच्याही असते, पाटी सारखीच दिसते, व्याज पतसंस्थेचे जरा जास्त. २३ सप्टेंबर २०१९ ला पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून १,००० रुपये काढता येणार होते. त्यानंतर २०२१ मध्ये कायदा बदलून निर्बंधांनंतर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. नियम का बदलतात, हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण.

सायबर फसवणुकीवर भाषणे पुष्कळ होतात, त्यामुळे थोडक्यात. मुलांनी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात : पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, फसलो तर लाज बाजूला ठेवून लगेच १९३० वर फोन, आणि आपले खाते कमिशनवर कोणाला ‘वापरायला’ द्यायचे नाही. तिसरी गोष्ट प्रशिक्षणात बहुधा राहून जाते. कॉलेजात गेलेल्या मुलांना दोन-पाच हजारांवर खाते भाड्याने मागितले जाते आणि पोलीस मग त्यांच्याच दारात येतात. ‘तीन दिवसांत कळवले की पैसे परत मिळतात’ असे अर्धवट सांगणेही थांबावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातली ती सवलत खातेदाराची चूक नसेल तेव्हाची आहे. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान खातेदाराचे. कळवण्याची घाई का करायची, ते यातून नीट समजते.

आता सर्वांत अवघड अडचण : पुस्तक शिळे होते. नववीतली आयकराची कोष्टके छापली तेव्हाची आहेत. मधल्या काळात २०२० मध्ये नवी करप्रणाली आली, २०२३-२४ पासून पर्याय न निवडल्यास तीच धरली जाऊ लागली, आणि २०२५-२६ साठी तिच्यात १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य झाला. दहावीत जीएसटीचे टप्पे ५, १२, १८, २८ आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मुख्य टप्पे ५ आणि १८ राहिले, मोजक्या वस्तूंवर ४०. शिक्षक चक्रव्यूहात सापडतो : पुस्तकाप्रमाणे शिकवावे तर मुले घरचे बिल दाखवतात, बिलाप्रमाणे शिकवावे तर परीक्षेची भीती. उपाय सोपा आहे. दर वर्षी १ जूनला दोन पानांचे बदल-पत्रक काढा. पहिल्या पानावर पुस्तकातला पान क्रमांक, छापलेला दर, आजचा दर. दुसऱ्या पानावर एकच ओळ ठळक : परीक्षेत प्रश्नात दिलेला दर वापरावा, रीत बदललेली नाही. अर्थसंकल्प फेब्रुवारीत येतो, जूनपर्यंत चार महिने हाती असतात. मध्येच सप्टेंबरसारखा मोठा बदल झाला तर पुरवणी. आज हे काम प्रत्येक शाळेत एखादा उत्साही शिक्षक व्हॉट्सअॅपवर आलेल्या तक्त्यावरून करतो, आणि तो तक्ता कोणाचा असतो ते देव जाणे.

विक्रेत्यांबद्दल स्पष्ट लिहावे लागेल. फुकट वही, पेन आणि ‘अर्थसाक्षरता व्याख्यान’ घेऊन येणारा माणूस पुष्कळदा विमा, फंड किंवा शेअर बाजाराच्या शिकवणीचा ग्राहक शोधत असतो, आणि ग्राहक बहुधा मुले नसून शिक्षक असतात. आदेशात चार गोष्टी लिहा : प्रशिक्षणात आणि वर्गात कोणत्याही कंपनीचे, योजनेचे, अॅपचे नाव शिफारस म्हणून नाही; व्याख्यात्याकडून हजेरीपट, फोन क्रमांक किंवा आधार दिले जाणार नाही; भेटवस्तू नाही; शिक्षक स्वतः किंवा घरचे कोणी एजंट असेल तर ते आधी सांगणे. बाहेरचे माणूस हवेच असेल तर अग्रणी जिल्हा व्यवस्थापकाच्या (जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा समन्वय करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयातून आर्थिक साक्षरता सल्लागार मागवावा. ग्रामीण शाखांना महिन्याला एक शिबिर घ्यायचे असतेच, ते केंद्राच्या शिक्षण परिषदेला जोडता येईल. चार वित्त नियामकांनी मिळून उभारलेल्या राष्ट्रीय वित्तीय शिक्षण केंद्राचा सहावी ते दहावीच्या शिक्षकांसाठी कार्यक्रम आहे. तो जरूर घ्यावा, पण त्याची उदाहरणे आपल्या पाठ्यपुस्तकाला जोडून.

शेअर बाजाराच्या सत्रात एक आकडा शिक्षकांच्या वहीत असावा. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (पुढच्या भावावरच्या सौद्यांत) व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. एसआयपीचे उदाहरण सोडवून घेताना मुले मोबाइलवरच्या ट्रेडिंगबद्दल विचारतातच. तेव्हा हा आकडा पुरे, भाषण नको. विमा-गुंतवणुकीच्या मिश्र योजनेचे गणितही शिक्षकांकडून एकदा करून घ्यावे. वर्षाला १०,००० रुपये, २० वर्षे, शेवटी ३,५०,०००. दोन लाखांचे साडेतीन लाख, म्हणजे ७५ टक्के नफा वाटतो. पण पहिला हप्ता २० वर्षे राहिला, शेवटचा एकच वर्ष. सरासरी साडेदहा वर्षे. खरा दर वर्षाला ५ टक्क्यांच्या आसपास. हे कळल्यावर कोणी आपली पॉलिसी मोडायला धावू नये, मोडण्याचे नुकसान वेगळे असते. तेही सांगावे.

उच्च प्राथमिकच्या शिक्षकांना वगळू नका. एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून पात्र ठरलेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, चार वर्षांचे ४८,०००, आणि ते आधार जोडलेल्या खात्यात येतात. अडतात ते नावातल्या फरकाने आणि दोन वर्षे व्यवहार न झाल्यामुळे निष्क्रिय झालेल्या खात्यांमुळे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये दहा वर्षांवरील मुलांना बँकेच्या नियमांच्या मर्यादेत स्वतः खाते चालवण्याची मुभा दिली आहे. सहावीतच खाते, त्यात वर्षातून दोनदा पन्नास रुपये भरणे आणि पासबुक छापून आणणे. खाते जिवंत राहते आणि ‘बँक व सरळव्याज’चा पाठही खरा होतो.

मूल्यमापनाबद्दल एवढेच. ‘प्रशिक्षण आवडले का’ हा गुगल फॉर्म आणि शेवटची दहा बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी दोन्ही बंद करावीत. सहा आठवड्यांच्या फेरबैठकीला प्रत्येकाने तीन वस्तू आणाव्यात : मुलांनी भरलेला बारा ओळींचा कर्जतक्ता, एका मुलाने लिहिलेले तक्रारपत्र, आणि वर्गात आलेला पण उत्तर न सुचलेला एक प्रश्न. हे प्रश्न तालुक्याने गोळा करून पुण्याला पाठवले, तर पुढच्या जूनचे बदल-पत्रक त्यांतूनच तयार होईल.

दहावीचे ‘अर्थनियोजन’ बहुतेक शाळांत दिवाळीच्या आगेमागे शिकवले जाते. वेतनचिठ्ठीचा नमुना, कर्जतक्ता, चार कुटुंबांची पत्रके आणि त्यांच्या उत्तरसूची आमच्याकडे तयार आहेत. परिषदेने त्या तपासून, दुरुस्त करून, स्वतःच्या नावाने वापराव्यात. आमचे नाव कुठे नसले तरी चालेल. उत्तरसूची मात्र मुलांच्या पत्रकासोबत एकाच फाइलमध्ये पाठवू नये, ती दुसऱ्या दिवशी वर्गात असते.

आपले,
अर्थसाक्षरतेचे काम करणारे काही माध्यमिक शिक्षक आणि निवृत्त बँक कर्मचारी